आधी अंतर मोजा, मग चाळिशी लावा

कोकणात जवळचं दिसेनासं झाल्याचं बहुतेकांच्या लक्षात येतं ते पावसाळ्यात. मे महिन्यात ओटीवर बसून पंचांगातली बारीक अक्षरं वाचणारा माणूस जूनमध्ये माजघरात तेच पंचांग हात लांब करून धरतो आणि म्हणतो, महिन्याभरात नंबर वाढला. नंबर महिन्यात वाढत नाही. भर उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते आणि बारीक छिद्रातून आलेलं चित्र मुळात थोडं पुसट असलं तरी रेखीव वाटतं. आभाळ भरून येतं, कौलांखाली काळोख होतो, बाहुली मोठी होते आणि ही सवलत संपते. कमतरता वर्षभर होतीच, उन्हानं ती झाकलेली होती.

मूळ दोष डोळ्याच्या आतल्या भिंगात आहे. लहानपणी ते लवचीक असतं. जवळ पाहताना स्नायू आवळतो आणि भिंग फुगतं. वय वाढतं तसं भिंग कडक होत जातं. स्नायू आपलं काम करत राहतो, पण भिंग पुरेसं फुगत नाही. दहा वर्षांच्या मुलाला नाकापासून ७-८ सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसू शकतं. चाळिशीत ही हद्द साधारण २० सेंटिमीटरवर जाते आणि पन्नाशीत अर्ध्या मीटरच्या आसपास. हे प्रत्येकाला होतं. डोळ्यांचे व्यायाम, गाजर, त्रिफळ्याचं पाणी यांनी कडक झालेलं भिंग मऊ होत नाही.

मराठीत वयालाही चाळिशी म्हणतात आणि चष्म्यालाही. शब्द नेमका आहे, पण त्यातून एक गैरसमज पक्का झाला: वय सांगितलं की नंबर निघतो. बाजारात, जत्रेत, एसटी स्टँडबाहेर तयार चष्मे विकणारा वय विचारतो आणि चष्मा हातात देतो. वयावरून अंदाज बांधता येतो, हे खरं. चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान +१.०० ते +१.२५, पन्नाशीला +१.७५ ते +२.००, साठीला +२.२५ ते +२.५०, आणि त्यानंतर फारशी वाढ नाही, कारण भिंगाची ताकद जवळजवळ संपलेली असते. पण हे आकडे ४० सेंटिमीटरवर पुस्तक धरून वाचणाऱ्यासाठी आहेत. तुम्ही तिथे पुस्तक धरत नसाल, तर ते आकडे तुमचे नाहीत.

म्हणून पहिलं काम घरीच करायचं, आणि त्याला शिवणकामाची टेप पुरते. ज्या कामासाठी चष्मा हवा ते काम करायला बसा, नेहमीच्या जागी, नेहमीच्या पाटावर किंवा खुर्चीत. दुसऱ्या कुणाला तरी डोळ्याच्या कडेपासून कामाच्या जागेपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. स्वतः मोजताना माणूस नकळत वाकतो आणि आकडा चुकतो. वर्तमानपत्र आणि मोबाइल बहुधा ३५ ते ४० सेंटिमीटरवर येतात. तांदूळ निवडणं, काजूगरांची प्रतवारी, फाटलेलं जाळं शिवणं ४५ ते ५५ वर. भजनाच्या बुवांची पेटीवर ठेवलेली वही ६० ते ७० वर. आणि गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा चेहरा मूर्तीपासून २५-३० सेंटिमीटरपेक्षा लांब नसतो.

आता १०० ला त्या सेंटिमीटरनी भागा. ४० ला २.५०, ५० ला २.००, ६५ ला १.५० च्या जवळपास, ३० ला ३.३३. त्या अंतरावर स्पष्ट दिसायला डोळा आणि चष्मा यांची मिळून एवढी ताकद लागते. पन्नाशीच्या आत डोळा त्यातली काही अजून देतो, त्यामुळे चष्मा तेवढा कमी लागतो. साठीनंतर जवळजवळ सगळी चष्म्यानंच द्यायची. म्हणून साठीच्या बुवांना वाचनाचा +२.५० चा चष्मा दिला, तर तो ४० सेंटिमीटरपर्यंत उत्तम चालतो आणि पेटीवरची वही धूसरच राहते. चष्मा चुकीचा नसतो, अंतर चुकलेलं असतं. जास्त नंबर म्हणजे जास्त चांगलं, ही समजूत सोडायला हवी. नंबर जितका जास्त, तितका स्पष्ट दिसण्याचा पट्टा चेहऱ्याजवळ येतो आणि अरुंद होतो.

टेप ठेवून द्यायच्या आधी आणखी एक तपासणी. एक डोळा तळहातानं झाका, बुबुळावर दाब न देता, आणि दुसऱ्यानं खिडकीचे गज पाहा. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा बिघडलेल्याची उणीव महिनोन्महिने झाकून ठेवतो. गज मध्येच वाकडे, तुटलेले किंवा लाटांसारखे दिसले, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. ती डोळ्याच्या आतल्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, तक्रार असू शकते आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जायला हवं. अचानक डोळ्यांपुढे काळे ठिपके वाढले, विजेसारखे झोत चमकले किंवा बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी. उद्याची गाडी पाहू नये.

आणखी एक खूण आनंदाची वाटते, म्हणून ती फसवते. साठीपलीकडच्या माणसाला एकाएकी चष्म्याशिवाय वाचता येऊ लागतं आणि घरात कौतुक होतं की डोळे परत आले. बहुतेक वेळा हा मोतीबिंदूचा एक प्रकार असतो. भिंगाचा गाभा घट्ट होत जातो तसा डोळ्याला लघुदृष्टीचा नंबर येतो, जवळचं दिसतं आणि लांबचं बिघडतं. शस्त्रक्रियेसाठी मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं, हा जुना नियम आता लागू नाही. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की डॉक्टरांशी बोलावं.

चाळिशीनंतरची पहिली तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच व्हावी, असं माझं ठाम मत आहे. गावातलं शिबिर किंवा दुकानातली संगणकावरची तपासणी नंबर सांगते. काचबिंदू मात्र दुखत नाही, सुरुवातीला दिसण्यातही फरक पडत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. तो सापडतो डोळ्याचा दाब मोजून आणि आतली नस पाहून. घरात कुणाला काचबिंदू असेल तर ते न विचारता सांगा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा पाहून घ्यायचा. साखर वरखाली होत असताना काढलेला नंबर टिकत नाही. ती काही आठवडे स्थिर झाल्यावरच चष्मा करा, नाहीतर महिन्याभरात नवा चष्मा फुकट जातो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही नंबर बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाहुलीचे थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून त्या दिवशी दुचाकी स्वतः चालवत जाऊ नका.

तपासणीला जाताना टेपचे आकडे कागदावर लिहून न्या आणि कामाची वस्तूही न्या. भजनाची वही, जाळ्याची सुई, रंगाचा ब्रश, औषधाची बाटली, काहीही. डॉक्टर किंवा ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर तपासणारे तज्ज्ञ, चाचणीच्या फ्रेममध्ये काचा घालून जवळचा तक्ता हातात देतात. बारीक ओळ, जिला एन-६ म्हणतात, वाचता आली की काम झालं असं मानलं जातं. तिथे थांबू नका. वस्तू तुमच्या अंतरावर धरा. मग ती डोळ्यांकडे आणा आणि लांब न्या. स्पष्ट दिसण्याच्या पट्ट्याच्या साधारण मध्यावर तुमचं काम यायला हवं. ते पट्ट्याच्या लांबच्या टोकाला येत असेल तर नंबर जास्त आहे. पाव नंबर कमी करून पुन्हा पाहायला सांगा. चाचणीची फ्रेम घालून खोलीबाहेर चार पावलं चाला. जमीन तिरकी वाटली तर तिथेच बोला.

कागद हातात आल्यावर तो वाचता आला पाहिजे. प्रत्येक डोळ्याचा लांबचा नंबर, तिरकस (सिलिंडरचा) नंबर असेल तर त्याचा कोन, आणि खाली ॲड, म्हणजे जवळच्यासाठीचा जादा नंबर. इथे एक नेहमीची चूक होते: ॲड म्हणजेच वाचायचा नंबर, असं समजून तयार चष्मा घेतला जातो. ॲड ही लांबच्या नंबरात मिळवायची असते. लांबचा +०.७५ आणि ॲड +२.०० असेल तर वाचनाचा चष्मा +२.७५ चा. लांबचा −१.५० आणि ॲड तीच +२.०० असेल तर फक्त +०.५०. लांबचा −२.५० च्या आसपास आणि तिरकस नंबर नसेल, तर वाचताना चष्मा काढून ठेवणं हाच उपाय, त्यात काही गैर नाही.

तयार चष्मा वाईट नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा, तिरकस नंबर नाही आणि वापर अर्ध्या-पाऊण तासाचा असेल, तर तो चालतो; डोळे त्यानं बिघडत नाहीत. अडचण येते ती बुबुळांमधल्या अंतराची. मोठ्या माणसात ते सर्वसाधारणपणे ५४ ते ७४ मिलिमीटरच्या मध्ये कुठेही असतं, आणि तयार चष्मा एकाच मापानं बनतो. काचेचा मध्य बुबुळासमोर आला नाही की डोळ्यांना ते अंतर ओढून भरावं लागतं, आणि तासाभरात कपाळ दुखू लागतं. नंबर वाढतो तसा हा ताणही वाढतो.

चष्म्याचा प्रकार ठरवताना दुकानदार बहुधा महागापासून सुरुवात करतो. तुम्ही दिवसापासून सुरुवात करा. एकाच जागी बसून एकाच अंतरावर काम असेल, तर त्या अंतराचा साधा एकनंबरी चष्मा सर्वांत स्वच्छ दिसतो, सर्वांत स्वस्त असतो आणि त्याची सवय करावी लागत नाही. गणपतीच्या शाळेत किंवा शिवणयंत्रावर याच्याइतकं चांगलं काही नाही. सतत वर-खाली पाहायचं असेल, म्हणजे दुकानाचा गल्ला, शाळेचा वर्ग, बँकेची खिडकी, तर बायफोकल, म्हणजे एकाच काचेत दोन नंबर, किंवा प्रोग्रेसिव्ह. बायफोकलमध्ये खालची काच गोल असते किंवा इंग्रजी डी अक्षरासारखी, वरून सपाट. गोल स्वस्त आहे, पण तिच्या कडेवरून नजर खाली जाताना वस्तू उडी मारल्यासारखी सरकते, कारण तिचा मध्य कडेपासून बराच खाली असतो. डीमध्ये तो जवळ असल्यानं उडी साधारण निम्मी होते. नव्यानं बायफोकल घेणाऱ्यानं थोडे पैसे जास्त देऊन डी घ्यावी.

प्रोग्रेसिव्ह काच १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आली. तिच्यात रेघ नसते. वर लांबचा नंबर, मधल्या अरुंद बोळात तो हळूहळू वाढत जातो आणि तळाला वाचनाचा. पेटीवरची वही नेमकी या बोळात बसते, हा तिचा खरा फायदा. बोळाच्या दोन्ही बाजूंना धूसर भाग असतो आणि तो कोणत्याही किमतीत पूर्ण जात नाही. महाग काचेत तो कमी होतो किंवा कडेला सरकतो, एवढंच.

आणि पायऱ्या. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उंची सारखी नसते, पावसात शेवाळ धरतं. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह घालून उतरताना नजर वाचनाच्या भागातून जाते, तो ४० सेंटिमीटरसाठी असतो आणि पायरी दीड मीटर खाली. कड पुसट होते आणि पाय चुकतो. रोज वाडीतून चढ-उतार करणाऱ्या, बागेत फिरणाऱ्या, होडीत ये-जा करणाऱ्या माणसाला बाहेरसाठी फक्त लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा असावा. लांबचा नंबर नसेल तर बाहेर चष्मा काढूनच चालावं. दोन चष्मे सांभाळणं कटकटीचं आहे, पण खुब्याचं हाड मोडणं त्याहून फार मोठं संकट आहे.

समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. पाण्यावरची चमक कमी करायला नुसती काळी काच पुरत नाही, पोलराइज्ड काच लागते. पाण्यावरून परावर्तित होऊन आलेला आडवा प्रकाश ती अडवते. पण तिच्यातून मोबाइलचा किंवा होडीवरच्या उपकरणाचा पडदा विशिष्ट कोनात काळा दिसू शकतो, म्हणून घेण्याआधी तो पडदा तिरका करून पाहा. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा उकाड्यात कमी काळ्या होतात, आणि गाडीच्या पुढच्या काचेमागे अतिनील किरण पोहोचत नसल्यानं जवळजवळ होतच नाहीत. थंड प्रदेशात त्या उत्तम. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे अपेक्षा कमी ठेवावी. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांसाठी जादा पैसे देऊ नका. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात त्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही.

चष्मा घालवणाऱ्या थेंबांबद्दलही लोक विचारतात. पायलोकार्पिनचे हे थेंब बाहुली काही तास बारीक ठेवतात, म्हणजे मे महिन्याच्या उन्हाचं काम बाटलीतून करतात. त्यामुळे काळोख्या माजघरात अंधार वाढतो. भारतात अशा थेंबांना २०२४ मध्ये परवानगी मिळाली आणि जाहिरातीतल्या दाव्यांवरून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती स्थगित झाली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत.

फ्रेमच्या बाबतीत किनाऱ्यावर धातूपासून सुरुवात करावी लागते. स्वस्त धातूच्या फ्रेमवर घाम आणि खारा वारा मिळून हिरवा थर चढतो, नाकाजवळची सांधणी खाल्ली जाते आणि स्क्रू गंजून अडकतात. निकेलमुळे काहींच्या नाकावर आणि कानामागे खाजही येते. स्टेनलेस स्टील टिकतं, टायटॅनियम त्याहून जास्त. परवडत नसेल तर चांगलं नायलॉन. प्रोग्रेसिव्हसाठी काचेची उंची पाहा: बुबुळाच्या मध्यापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत निदान १८ मिलिमीटर हवेत. आखूड बोळाच्या काचा १४ मध्येही बसतात, पण वाचनाचा भाग लहान होतो. कमी उंचीच्या आकर्षक फ्रेममध्ये तळाचा वाचनाचा भागच कापला जातो आणि मग काचेला दोष दिला जातो.

माप घेण्याआधी फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर बसवून घ्या, नंतर नाही. काडीचा बाक कानाच्या वरच्या टोकाच्या लगेच मागे सुरू व्हायला हवा. पुढे असेल तर फ्रेम वर उचलली जाते, मागे असेल तर घामानं घसरते. बायफोकलची रेघ खालच्या पापणीच्या कडेला येते. जास्त चालणाऱ्यासाठी २-३ मिलिमीटर खाली ठेवायला सांगा. प्रोग्रेसिव्हला प्रत्येक डोळ्याचं माप नाकाच्या मध्यापासून वेगळं लागतं. एकच आकडा लिहून त्याचे दोन समान भाग करत असतील, तर थांबवा.

चष्मा आला की प्रोग्रेसिव्हवरच्या रंगाच्या खुणा पुसू देऊ नका. घालून सरळ समोर पाहा. फुलीचं चिन्ह बुबुळाच्या बरोबर मध्यावर यायला हवं. मग काचेवर तोंडाची वाफ सोडून ती उजेडाकडे तिरकी धरा. दोन बारीक कोरलेल्या खुणा एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर दिसतील आणि कानाकडच्या खुणेखाली ॲडचा आकडा. तो कागदाशी जुळवा.

पहिले दोन आठवडे सवयीचे. नजर बाजूला न नेता नाक तिकडे वळवायचं, पायरी उतरताना हनुवटी छातीकडे आणायची. त्यानंतरही त्रास राहिला तर तो कुठे आहे ते पाहा. वाचायला हनुवटी वर करावी लागते: काच खाली बसलीय किंवा फ्रेम घसरलीय, आधी नाकाच्या गाद्या नीट करून घ्या. लांबचं पाहायला मान खाली घालावी लागते: काच वर बसलीय. एका बाजूला मान वळवल्यावरच अक्षर स्पष्ट होतं: बुबुळाचं माप चुकलंय. फक्त चेहऱ्याजवळच स्पष्ट दिसतं: ॲड जास्त आहे. एवढं नेमकं सांगितलंत तर दुकानदाराला टाळाटाळ करता येत नाही. नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हटलं की ‘सवय होईल’ हेच उत्तर मिळतं.

घरच्या उजेडाकडेही पाहायला हवं. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या मानानं सुमारे एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. आढ्याला टांगलेल्या एका दिव्याखाली वाचता येत नाही म्हणून नंबर वाढवणं चूक आहे. ९ वॅटचा एलईडी वाचणाऱ्याच्या खांद्यामागून, हातभर अंतरावर आणा, आणि मग नंबराचं काय ते ठरवा.

किनाऱ्यावर काच मिठानंही ओरखडते. खारं पाणी उडून सुकलं की बारीक खडे उरतात, आणि पदरानं, लुंगीनं किंवा शर्टाच्या टोकानं कोरडी पुसली की ते काचेवर रेघा ओढतात. आधी नळाच्या किंवा विहिरीच्या साध्या पाण्याखाली धरा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटांनी फिरवा, धुवा, मग मऊ सुती कपड्यानं टिपा. गरम पाणी नको. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवरही चष्मा ठेवू नका; उष्णतेनं काचेवरच्या थराला जाळीसारखे तडे जातात आणि ते दुरुस्त होत नाहीत. काडीचा स्क्रू सारखा सैल होत असेल तर आवळून टोकाला नखपॉलिशचा एक थेंब लावा. पावसाळ्यात डबीच्या अस्तराला बुरशी धरते, तेव्हा आतला कपडा आठवड्याला धुवा, डबी उघडी ठेवून वाळवा, आणि नंबराचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यातच ठेवा. जुना चष्माही टाकू नका. त्याचा कमी पडलेला नंबर पेटीवरच्या वहीला किंवा जाळ्याला बरोबर बसतो की काय, ते टेप घेऊन एकदा पाहा.